आल्फा रेकॉर्ड्स: आधी गाणं, मग लेबल

रात्री उशिरा यूट्यूबनं तुम्हालाही कधीतरी 'प्लास्टिक लव्ह' ऐकवलं असेलच. ते गाणं आजच्या लेबलचं नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण जपानी पॉपचा तो गुळगुळीत, शहरी आवाज जिथे घडत गेला, त्यातली एक महत्त्वाची जागा म्हणजे टोकियोचं आल्फा.

१९६९मध्ये कुनिहिको मुराई या चोविशीतल्या संगीतकारानं आल्फा म्युझिक सुरू केलं. गंमत म्हणजे तेव्हा ते लेबल नव्हतंच, ती प्रकाशन कंपनी होती. फरक काय? एका गाण्यात दोन मालमत्ता असतात. एक म्हणजे रचना, म्हणजे चाल आणि शब्द. दुसरी म्हणजे त्या रचनेचं रेकॉर्डिंग. लेबल रेकॉर्डिंग विकतं, प्रकाशक रचना सांभाळतो. गाणं दुसऱ्या कुणी गायलं तरी रचनेचे पैसे येत राहतात. त्यामुळे मुराईंची नजर गायकाआधी गाणं लिहिणाऱ्यावर जायची.

त्यातूनच युमी अराई सापडली. किशोरवयीन मुलगी, करार गीतकार-संगीतकार म्हणून. तूच गा, असं मुराईंनी सुचवलं. १९७३चा 'हिकोकी-गुमो' हा तिचा पहिला अल्बम आल्फाच्या स्टुडिओत झाला, पण बाजारात आला दुसऱ्याच लेबलवर, कारण आल्फाचं स्वतःचं लेबल अजून निघायचं होतं. त्यातलं शीर्षकगीत तुम्ही कदाचित ऐकलंही असेल: मियाझाकींच्या २०१३च्या 'द विंड रायझेस'मध्ये तेच आहे. चाळीस वर्षांनी!

त्या अल्बमवर बास वाजवणारे हारुओमी होसोनो पुढे कुठे पोचले बघा. १९७७मध्ये आल्फा रेकॉर्ड्स हे लेबल निघालं आणि १९७८मध्ये होसोनोंनी रिउइची साकामोतो आणि युकिहिरो ताकाहाशी यांना घेऊन यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा, म्हणजे वायएमओ, उभं केलं. इथे माझ्यातला इंजिनिअर जागा होतो. त्यांच्याकडे रोलँडचा एमसी-८ हा सिक्वेन्सर होता. पियानोच्या पट्ट्या वगैरे विसरा, कॅल्क्युलेटरसारखी बटणं. प्रत्येक सुरासाठी आकडे टाकायचे: सूर किती उंच, पुढचा किती वेळानं, हा किती वेळ वाजत ठेवायचा. आणि हे सगळं हातानं! ते काम करणारे हिदेकी मात्सुताके यांना चाहते बँडचा चौथा सदस्य म्हणायचे, आणि माझ्या मते ते अगदी रास्त आहे.

अमेरिकेत ए अँड एम कंपनीनं वायएमओचं संगीत काढलं आणि १९८०मध्ये त्यांचा सिंगल ब्रिटनच्या टॉप २०मध्ये गेला. त्यांचं 'बिहाइंड द मास्क' मायकल जॅक्सनला इतकं आवडलं की 'थ्रिलर'च्या काळात त्यानं नवे शब्द घालून ते रेकॉर्ड केलं. पण रचनेतल्या हिश्श्यावरून बोलणी फिसकटली. ते रेकॉर्डिंग बाहेर आलं २०१०मध्ये, मायकल गेल्यानंतर. म्हणजे परत तोच मुद्दा, रचना कुणाची!

बाकी आल्फाकडे कॅसिओपिया होते, हिरोशी सातो होते. सातोंचा १९८२चा 'अवेकनिंग' हेडफोन लावून ऐकाच. अमेरिकेत स्वतःची शाखा काढण्याचा मुराईंचा प्रयत्न मात्र महागात पडला. १९८५मध्ये ते आल्फातून बाहेर पडले. वायएमओचं काम त्याआधी, १९८३मध्येच थांबलं होतं.

सुरुवात कुठून करू, असं विचाराल तर आधी 'हिकोकी-गुमो', मग लगेच वायएमओचा १९७९चा 'सॉलिड स्टेट सर्व्हायव्हर'. दोन्हीकडे होसोनो आहेत. बास नीट ऐका.