साक्षीदारांची पारख करणारे इब्न हजर अल-अस्कलानी

वचन कितीही सुंदर असले, तरी ते कोणी सांगितले आणि त्याने ते कोणाकडून ऐकले, हे तपासल्याखेरीज ते प्रमाण मानू नये, हे हदीसशास्त्राचे मूळ सूत्र. इजिप्तमधील मामलूक सुलतानांच्या काळात कैरो येथे होऊन गेलेले शिहाबुद्दीन अहमद इब्न हजर अल-अस्कलानी (१३७२-१४४९) यांनी आयुष्यभर याच सूत्राचा पाठपुरावा केला.

हदीस म्हणजे पैगंबर महंमद यांच्या उक्ती-कृतींचे कथन. प्रत्येक हदीसचे दोन भाग असतात : मूळ मजकूर आणि तो पिढ्यान्‌पिढ्या पोहोचविणाऱ्या कथनकर्त्यांची साखळी, म्हणजे ‘इस्नाद’. साखळीतील दोन व्यक्ती परस्परांना भेटल्या असणे शक्य होते का, त्यांची स्मरणशक्ती आणि सचोटी कशी होती, यांवर हदीसची विश्वासार्हता ठरते. म्हणूनच या शास्त्रात चरित्रकोशांना मोठे महत्त्व आहे.

कथनकर्त्यांच्या बारा श्रेणी

लहानपणीच आईवडिलांचे छत्र हरपलेल्या इब्न हजर यांचा सांभाळ एका धनाढ्य व्यापाऱ्याने केला. पुढे त्यांनी झैनुद्दीन अल-इराकी यांच्याकडे हदीसचे दीर्घ अध्ययन केले. ज्ञानार्जनासाठी ते दमास्कस आणि येमेनपर्यंत गेले. त्यांच्या गुरूंमध्ये विदुषीही होत्या; पत्नी उन्स खातून यांनीही हदीसचे अध्यापन केले.

‘तक्रीब अत-तहझीब’ या ग्रंथात त्यांनी कथनकर्त्यांची बारा श्रेणींत विभागणी केली. पहिल्या श्रेणीत पैगंबरांचे सहवासी, तर अखेरच्या श्रेणीत असत्य रचणारे आहेत. नववे शतक गाजविणाऱ्या इमाम बुखारी यांच्या हदीससंग्रहावरील ‘फत्ह अल-बारी’ हे भाष्य ही त्यांची सर्वांत ख्यातनाम कृती. त्यासाठी त्यांनी सुमारे पाव शतक खर्ची घातले. लिहून झालेला भाग ते साप्ताहिक बैठकीत विद्वान शिष्यांपुढे ठेवून तपासून घेत. १४३८ च्या अखेरीस भाष्य पूर्ण झाले, तेव्हा कैरोत मोठी मेजवानी देण्यात आली.

महामारीची नोंद

प्लेगने त्यांच्या घरावरही घाला घातला. १४१६ मध्ये दोन, तर १४३० च्या साथीत थोरली मुलगी दगावली. प्लेगविषयीच्या ग्रंथात त्यांनी त्या साथीतील एक प्रसंग नोंदविला आहे. साथीच्या प्रारंभी कैरोत दिवसाला चाळीसपेक्षा कमी मृत्यू होत होते. लोक सामुदायिक प्रार्थनेसाठी वाळवंटात एकत्र जमून परतल्यानंतर महिनाअखेरीस हा आकडा हजारावर गेला. अशा मेळाव्याला धर्मपरंपरेत आधार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. मात्र रोग संसर्गाने पसरतो, हे मत त्यांनी हदीसच्याच आधारे अमान्य केले. त्यामुळे आधुनिक वाचकाला हा ग्रंथ अचूक निरीक्षण आणि तत्कालीन श्रद्धा यांच्या सीमेवर उभा असलेला दिसतो.

१४२३ मध्ये ते इजिप्तच्या शाफिई पंथाचे प्रमुख काझी झाले. हे पद त्यांच्याकडून अनेकदा गेले आणि पुन्हा आले. ग्रंथलेखन मात्र थांबले नाही. शिष्य अस-सखावी यांनी त्यांचे विस्तृत चरित्र लिहिले. हदीस-परीक्षणाचे नियम सांगणारा ‘नुखबत अल-फिकर’ हा त्यांचा छोटेखानी ग्रंथ त्यांच्याच टीकेसह भारतातील अनेक मदरशांत आजही शिकविला जातो.