बारा व्होल्ट, अठरा व्होल्ट आणि मधला गोंधळ

कॉर्डलेस ड्रिल एकदा घेतलं की पुढची कित्येक वर्षं त्याच्या बॅटरीशी संसार करावा लागतो. एका कंपनीची बॅटरी सहसा दुसरीच्या यंत्राला बसत नाही. त्याच कंपनीची १२ व्होल्टची बॅटरी तिच्याच १८ व्होल्टच्या यंत्रालाही बसत नाही. म्हणजे पहिल्या ड्रिलबरोबरच पुढचा ग्राइंडर आणि जिगसॉ कोणता येणार हेही जवळपास ठरून जातं. तरी दुकानात हा निर्णय बहुतेकदा खोक्यावरचा मोठा आकडा पाहून होतो.

आधी त्या आकड्याचंच बघू. २० व्होल्टचं यंत्र १८ पेक्षा जोरदार, हा समज फार पसरलेला आहे. लिथियम-आयन सेल ३.६ व्होल्टचा धरतात. पूर्ण चार्ज झाल्यावर तो ४.२ च्या आसपास जातो. असे पाच सेल एकापुढे एक जोडले की १८ व्होल्ट. चार्जरवरून नुकत्याच काढलेल्या त्याच बॅटरीला मीटर लावला तर काटा २० च्या वर. डिवॉल्ट हीच बॅटरी अमेरिकेत '२० व्होल्ट मॅक्स' म्हणून विकते आणि युरोपात १८ व्होल्ट म्हणून. तीन सेलच्या लहान बॅटरीचंही तसंच, १०.८ आणि १२ एकच. बॉशची आजची १२ व्होल्टची मालिका पूर्वी १०.८ म्हणूनच मिळायची. मकिताची '४० व्होल्ट मॅक्स' म्हणजे दहा सेल, ३६ व्होल्ट. इथवर निदान हिशोब लागतो. ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त संचांवर ४८, ८८ असे आकडे छापलेले असतात. त्यांची बॅटरी उघडली तर बहुधा तेच पाच सेल निघतात.

दुसरा समज असा की १२ व्होल्ट म्हणजे खेळणं. प्लायवूडमध्ये स्क्रू पिळायला, बिजागऱ्या आणि चॅनल बसवायला, स्विचबोर्ड लावायला लागणारा पीळ मोटर आणि गिअरमधून येतो, नुसत्या व्होल्टमधून नाही. चांगल्या लहान ड्रिलचा पीळ ३० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो, १८ व्होल्टच्या मध्यम ड्रिलचा ५० ते ५५. मॉड्युलर किचन बसवणाऱ्या सुताराला ३० पुरेसे होतात, आणि कपाटाच्या आत वाकून किंवा फॉल्स सीलिंगखाली हात वर करून काम करताना कमी झालेलं वजन संध्याकाळी खांद्याला कळतं. साठवणीतही लहान बॅटरी दरवेळी मागे नसते. व्होल्ट गुणिले अँपिअर-तास केलं की वॉट-तास मिळतात: १०.८ व्होल्ट, ४ अँपिअर-तासांची बॅटरी ४३ वॉट-तासांची, तर १८ व्होल्ट, २ अँपिअर-तासांची फक्त ३६.

मर्यादा मात्र खरी आहे, आणि ती विद्युतप्रवाहात आहे. ५४० वॉट काढायचे तर १८ व्होल्टच्या बॅटरीला ३० अँपिअर द्यावे लागतात, १०.८ ला ५०. तारेत आणि सेलमध्ये तापण्याने वाया जाणारी ऊर्जा प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढते. रोध तेवढाच धरला तरी ती पावणेतीन पट होते. म्हणून १२ व्होल्टचे ग्राइंडर ७६ मिलिमीटरच्या इवल्या चकतीवर थांबतात, आणि १०० किंवा १२५ च्या चकतीसाठी १८ व्होल्टकडे यावंच लागतं. फॅब्रिकेशनवाल्याने लहान मालिकेच्या वाटेला जाऊ नये.

अँपिअर-तास वाढवले की फक्त काम जास्त वेळ चालतं, असंही सर्रास सांगितलं जातं. हे अर्धंच खरं. १८ व्होल्टच्या लहान, २ अँपिअर-तासांच्या बॅटरीत पाच सेलची एकच रांग असते. नेहमीच्या ५ अँपिअर-तासांच्या बॅटरीत दोन समांतर रांगा, दहा सेल. दोन रांगा भार वाटून घेतात, आतला रोध अर्ध्यावर येतो, आणि करवत लाकडात अडकू लागली तरी व्होल्ट फारसे पडत नाहीत. ग्राइंडरला लहान बॅटरी लावली की जरा दाब देताच तो बंद पडतो. तो बिघाड नसतो, संरक्षक सर्किटने हात वर केलेले असतात. अलीकडे २१ मिलिमीटर व्यासाचे, ७० मिलिमीटर लांबीचे जाड सेल आल्यापासून एका रांगेतच ४ अँपिअर-तास बसतात. एकच बॅटरी घ्यायची असेल तर माझं मत अशा सेलच्या बॅटरीच्या बाजूने.

सगळ्यात जास्त पैसे मात्र काँक्रीटच्या नावाने वाया जातात. '१८ व्होल्टचं इम्पॅक्ट ड्रिल घ्या, आरसीसीत आरामात जाईल' हे वाक्य ऐकलं नाही असा ग्राहक विरळा. इम्पॅक्ट ड्रिलमध्ये दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासून थरथर निर्माण करतात. विटेला, एएसी ब्लॉकला ती पुरते. बीम आणि कॉलमवर बिट तापतं, भिंत हसते. रोटरी हॅमरमध्ये पिस्टन हवा दाबतो आणि ती हवा ठोकळ्याला बिटावर आपटते. त्या ठोक्याचं माप ज्यूलमध्ये असतं. २ ज्यूलच्या वरचा एसडीएस प्लस हॅमर कमी दाबात आरसीसीत भोक पाडतो, मग त्याला बॅटरी असो की वायर. इथे व्होल्टचा वाद नाहीच, यंत्रणा वेगळी आहे.

'कंपनी तीच, व्होल्ट तेच, मग बसेलच' यावरही विसंबू नका. बॉशच्या घरगुती हिरव्या आणि व्यावसायिक निळ्या १८ व्होल्टच्या बॅटऱ्या एकमेकांच्या यंत्रांना चालत नाहीत. मिलवॉकीचे काही चार्जर १२ आणि १८ दोन्ही चार्ज करतात, यंत्रं मात्र आपापलीच बॅटरी घेतात.

बॅटरी पूर्ण उतरवूनच चार्ज करावी, हा निकेल-कॅडमियमच्या काळातला सल्ला. लिथियमला तो लागू नाही. तिला उन्हाचा त्रास होतो, तेव्हा मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे गाडीच्या डिकीत ती ठेवू नये.

विमानाने नेताना सुटी बॅटरी हातातल्या सामानातच लागते. १८ व्होल्ट, ५ अँपिअर-तास म्हणजे ९० वॉट-तास, १०० च्या आत. ६ अँपिअर-तासांची १०८ होते, तिला विमान कंपनीची परवानगी घ्यावी लागते.

घरकामाला, सुताराला, वायरमनला मी १२ व्होल्टचा ड्रायव्हर आणि आरसीसीसाठी वायरवाला रोटरी हॅमर सुचवेन. वर्षातून चारदा काँक्रीट फोडण्यासाठी मोठ्या बॅटऱ्या पाळण्यात अर्थ नाही. ज्याला विजेच्या पॉइंटपासून लांब, रोज कापायचं आणि फोडायचं आहे, त्याने सरळ १८ व्होल्ट घ्यावं, आणि ड्रिल निवडण्याआधी त्या मालिकेत आपल्याला लागणारा ग्राइंडर आणि हॅमर आहे का, शिवाय सुटी बॅटरी गावातल्या दुकानात मिळते का, ते विचारावं.