विश्लेषण : लग्नांचे दोन टीबी दुसऱ्या डिस्कवर नेताना लिनक्सवर काय सांभाळायचे?

लग्नसराई आटोपली की तालुक्याच्या गावातल्या फोटो स्टुडिओत दुसरेच काम निघते. जुनी हार्ड डिस्क भरलेली असते, नवी आणायची आणि सगळे तिच्यात हलवायचे. अहमदपूर असो की लातूर-नांदेड, यात अडकलेले असतात ते लोकांचे हळदीचे, अक्षतांचे क्षण. ते पुन्हा शूट करता येत नाहीत. विंडोज १० चे नियमित मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. जुना संगणक चालता ठेवायचा तर लिनक्स हा बिनखर्ची मार्ग आहे. पण 'ओढले, सोडले, झाले' ही सवय तिथेही घात करते.

वेळ किती लागतो?

डिस्क सेकंदाला १०० एमबी लिहीत गेली तर दोन टीबीला साधारण साडेपाच तास लागतात. तीच डिस्क यूएसबी २.० च्या पोर्टला लावली तर वेग ३५ एमबीच्या आसपास अडकतो आणि काम सोळा तासांवर जाते. म्हणून आधी पोर्ट बघा; आतून निळे असेल तर बहुधा यूएसबी ३ असते. हजारो छोटे फोटो मोठ्या व्हिडिओपेक्षा जास्त रखडतात. इंटरनेटवरून पाठवू म्हणाल, तर १०० एमबीपीएसचा अपलोड अखंड मिळाला तरी ४४ तास. २०१९ मध्ये कृष्णविवराचे पहिले छायाचित्र जाहीर झाले, त्याचा डेटाही शास्त्रज्ञांनी हार्ड डिस्क विमानात घालूनच नेला होता.

१०० टक्के दिसले, तरी केबल का काढायची नाही?

लिनक्स लिहायचा डेटा आधी रॅममध्ये घेते आणि मग सवडीने डिस्कवर उतरवते. पडद्यावरची पट्टी भरते तेव्हा शेवटचे काही जीबी वाटेतच असू शकतात. त्यामुळे टर्मिनलमध्ये 'सिंक' ही आज्ञा द्यावी किंवा फाइल मॅनेजरमधून डिस्क 'अनमाउंट' करावी, आणि संदेश येईपर्यंत हात आवरावा. नवी डिस्क फॅट३२ असेल तर चार जीबीहून मोठी फाइल तिच्यावर बसतच नाही. विधीचा सलग व्हिडिओ नेमका तेवढाच असतो. विंडोजवरही वाचायची असेल तर एक्सफॅट घ्या, फक्त लिनक्ससाठी असेल तर एक्स्ट४.

वीज मध्येच गेली तर?

साध्या कॉपीत कुठवर आलो होतो ते शोधत बसावे लागते. इथे 'आरसिंक' कामाला येते. ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी १९९६ मध्ये आणलेला हा प्रोग्रॅम तीच आज्ञा पुन्हा दिली की पोहोचलेल्या फाइली सोडून राहिलेल्याच उचलतो. 'ए' पर्याय दिला की फाइलींच्या तारखाही जशाच्या तशा राहतात, आणि स्टुडिओत तारखेवरूनच लग्न सापडते. एक खोड लक्षात ठेवा: मूळ फोल्डरच्या नावाअखेर तिरकी रेघ दिली तर फक्त आतला माल जातो, नाही दिली तर फोल्डरसकट. शंका असेल तर आधी 'एन' जोडून चालवा. काय होणार ते दिसते, हलत काहीच नाही.

आता खरा मुद्दा. आरसिंक फाइल पोहोचली का हे एरवी आकार आणि वेळ बघूनच ठरवते. आतला मजकूर तोच आहे का, हे पाहायला 'सी' पर्याय लागतो. त्यात दोन्हीकडची प्रत्येक फाइल पूर्ण वाचून चेकसम जुळवला जातो. त्याआधी नवी डिस्क काढून पुन्हा जोडा, नाहीतर संगणक डिस्कऐवजी रॅममधलीच प्रत तपासू शकतो. यात आणखी काही तास जातात. बहुतेक जण इथेच कंटाळतात आणि जुनी डिस्क फॉरमॅट करून टाकतात. 'कट-पेस्ट'ची घाई मला म्हणूनच मान्य नाही. मूळ प्रत आधी तपासणीतून सुटली पाहिजे.

डिस्क कटकट आवाज करत असेल, मध्येच गायब होत असेल, तर आरसिंक वारंवार चालवून तिचा उरलासुरला जीव घेऊ नका. तिथे 'डीडीरेस्क्यू' वापरतात. ते आधी नीट वाचता येणारा भाग उचलते, खराब जागांकडे नंतर वळते, आणि कुठे थांबले त्याची नोंद फाइलमध्ये ठेवते. मात्र आज्ञेत मूळ आणि नवी डिस्क उलट लिहिली गेली तर चांगला डेटाच पुसला जाईल. आधी 'एलएसबीएलके' चालवून दोन्हींची नावे आणि आकार कागदावर लिहून घ्या.

तपासणी जुळल्यावरही जुनी डिस्क लगेच रिकामी करू नका. पुढच्या मोसमापर्यंत ती तशीच ठेवा, आणि तीही दुकानात नाही, घरी.