रीलमधलं 'पावडर मेजर' भारतात मागवता येतं का?

हँडल फिरवलं की पितळी पुंगळीत बंदुकीची दारू पडते. पुन्हा फिरवलं, पुन्हा तेवढीच. वापरलेली काडतुसं घरी भरणाऱ्यांच्या अमेरिकी रील्समध्ये दिसणारं हे यंत्र म्हणजे फिक्स्ड-रोटर पावडर मेजर. तिथे स्वतःपुरती काडतुसं भरायला केंद्रीय परवाना लागत नाही.

यातल्या गोल रोटरमध्ये ठरावीक मापाचा खळगा असतो. माप बदलायचं तर रोटरच बदलायचा. पण हा खळगा वजन करत नाही. सातारा-सांगलीत पायलीवरून हे लगेच कळेल: पायलीभर ज्वारी आणि पायलीभर लाह्या, माप एकच, वजन वेगळं. दारूचा प्रकार बदलला की तसंच होतं. आणि एकाच पुंगळीत चुकून दोनदा दारू पडली, तर बंदूक हातातच फुटू शकते.

आता आपला कायदा. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 2 नुसार 'दारूगोळा' या शब्दात तो बनवण्याची यंत्रसामग्रीही येते! म्हणजे दारूचा कणही नसलेलं हे यंत्र पार्सलने मागवणं महागात पडू शकतं.

पाटण, शिराळ्याकडे रानडुकरं पिकात घुसतात. पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद कायद्यात आहेच. पण तो बंदूक बाळगण्याचा, कलम 3 चा. दारूगोळा बनवायला कलम 5 खाली वेगळा परवाना लागतो. त्याशिवाय बनवल्यास 2019 च्या दुरुस्तीनंतर किमान 7 वर्षं, कमाल जन्मठेप.

काडतुसं संपली, तर परवान्यावर नोंदवलेल्या संख्येइतकी, अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यायची.