घोडा, मोटार आणि हेलिकॉप्टर

दिवाळीच्या सुमारास आमच्या माळशिरस तालुक्यात, अकलूजला, घोड्यांचा मोठा बाजार भरतो. जाणता गिऱ्हाईक घोड्याच्या कांतीवर भुलत नाही. आधी जबडा उघडून दात पाहतो, मग चालवून पाहतो. गेल्या दिवाळीत माझा एक जुना विद्यार्थी आईला घेऊन फराळाला आला आणि म्हणाला, "सर, हेलिकॉप्टर घ्यायचं म्हणतोय. सेकंडहँड आहे, पण दोन इंजिनांचं!" तेव्हा मला तो बाजारच आठवला.

हसण्यावारी नेण्याजोगी गोष्ट नव्हती. २०२१ मध्ये भिवंडीकडच्या एका शेतकरी-व्यावसायिकाने दुधाच्या धंद्यानिमित्त फिरण्यासाठी हेलिकॉप्टर घेतल्याची बातमी गाजली होती. माझ्या विद्यार्थ्याचा धंदाही चार राज्यांत पसरलेला. पाचसहा उतारूंचे असे यंत्र ताशी सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर जाते. सकाळी मुंबईत जुहूला उतरावे, काम आटोपावे आणि संध्याकाळी घरी जेवायला यावे!

मी पडलो मराठीचा मास्तर; पण वाचायची खोड जुनी. तेव्हा जे समजले ते त्याला सांगितले.

हेलिकॉप्टरचे वय रंगावरून कळत नाही, ते वह्यांत असते. किती तास उडाले, कोणता भाग केव्हा बदलला, याची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवावी लागते. काही भागांना तासांचे, तर काहींना वर्षांचे आयुष्य नेमून दिलेले असते. ते संपले की भाग कितीही नवा दिसो, काढावाच लागतो. म्हणजे छपराखाली नुसते उभे असलेले यंत्रही म्हातारे होतच असते! 'फार कमी वापरलेले' हे ऐकून हुरळणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे. मोटारीत एक इंजिन, इथे दोन. मोठी दुरुस्ती निघाली तर तीही दोनदा. म्हणून विकणाऱ्याशी संबंध नसलेला इंजिनिअर न्यावा, वह्या ताडून पाहाव्यात, बारीक कॅमेऱ्याने इंजिनाच्या पोटात डोकवावे आणि मगच इसार द्यावा.

"पण एक इंजिन बंद पडलं तर दुसरं आहेच की!" त्याची आई म्हणाली.

खरे आहे, दोन इंजिने असतात ती त्यासाठीच. पण उन्हाने हवा विरळ होते, इंजिनाचा जोर आणि पात्यांची उचल घटते. वजन जास्त असेल तर एकट्या इंजिनाला भार पेलेलच असे नाही. आणि सोलापूरकडचा मे महिना काय वर्णावा! २५ मे २०१७ रोजी लातूर जिल्ह्यात निलंग्याला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांना घेऊन निघालेले सरकारी हेलिकॉप्टर उड्डाण करताच विजेच्या तारांत अडकून खाली आले. सुदैवाने सारे बचावले. त्यालाही दोन इंजिने होती.

मी विचारले, "आभाळ भरून आलंय, मुंबईत मोठा करार अडलाय आणि तुझा वैमानिक म्हणाला, 'आज नको'; तर काय करशील?"

"पगार तर मीच देणार ना, सर?" तो हसत म्हणाला. त्याची आई मात्र हसली नाही.

यंदा तो पुन्हा आला. मधल्या दोन वर्षांच्या नोंदी सापडेनात, म्हणून त्याने सौदा मोडला होता. दुसरे हेलिकॉप्टर पाहणे चालू आहे. पण वैमानिकाच्या करारपत्राचे पहिले कलम त्याने आताच लिहून ठेवले आहे. उडायचे की नाही, हे वैमानिकाने ठरवायचे. मालकाने विचारायचेसुद्धा नाही.

कलम आईने सांगितले म्हणे.