देहभारांक व गर्भारपण

व्यक्तीच्या किलोग्रॅममधील वजनास तिच्या मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता येणाऱ्या संख्येस ‘देहभारांक’ असे म्हणतात. प्रौढांचे वजन स्थूलमानाने उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, हे बेल्जियन संख्याशास्त्रज्ञ आदॉल्फ केतले (१७९६–१८७४) यांनी दाखविले. अमेरिकन शरीरक्रियावैज्ञानिक ॲन्सल कीझ यांनी १९७२ मध्ये त्यास प्रस्तुत नाव दिले. १८·५ हून कमी अंक अल्पभार, १८·५ ते २४·९ सामान्य भार, २५ ते २९·९ अतिभार आणि ३० वा त्याहून अधिक अंक स्थूलता दर्शवितो. भारतीयांत मधुमेहादी विकारांचा धोका कमी अंकापासूनच वाढत असल्याने अतिभाराची सीमा २३ व स्थूलतेची २५ मानण्याचा प्रघात येथे आहे.

गर्भधारणेपूर्वीचा देहभारांक हा मातेच्या पोषणसंचयाचा निदर्शक होय. तो कमी असल्यास अपुऱ्या दिवसांची प्रसूती व २·५ किग्रॅ.हून कमी जन्मवजन यांचा संभव वाढतो. तो फार अधिक असल्यास गर्भकालीन मधुमेह, उच्च रक्तदाब व शस्त्रक्रियेने प्रसूती यांचे प्रमाण वाढते. पुण्याजवळील सहा खेड्यांत १९९३ पासून झालेल्या माता-पोषण अभ्यासात स्त्रियांचा गर्भपूर्व देहभारांक सरासरीने सुमारे १८, तर अर्भकांचे जन्मवजन सुमारे २·७ किग्रॅ. आढळले. ही अर्भके वजनाने कमी असूनही त्यांच्या शरीरात मेदाचे प्रमाण तुलनेने अधिक होते.

गर्भारपणात वाढणाऱ्या वजनात गर्भ, वार, गर्भजल, वाढलेले गर्भाशय व स्तन, रक्त व ऊतकद्रव आणि मेदसंचय यांचा समावेश होतो. म्हणून या काळातील वजनावरून काढलेल्या अंकास वरील वर्गवारी लावणे चुकीचे ठरते. उदा., १५० सेंमी. उंचीच्या व ४० किग्रॅ. वजनाच्या स्त्रीचा देहभारांक १७·८ येतो. दिवस भरताना तिचे वजन ५० किग्रॅ. झाल्यास तो २२·२ भरेल. परंतु त्यामुळे तिची मूळची अल्पभारता नाहीशी झाली असे होत नाही. अमेरिकेच्या वैद्यकसंस्थेने २००९ मध्ये एकूण वजनवाढीच्या मर्यादा पुढीलप्रमाणे सुचविल्या : अल्पभार स्त्रीस १२·५ ते १८, सामान्य भाराच्या स्त्रीस ११·५ ते १६, अतिभार स्त्रीस ७ ते ११·५ व स्थूल स्त्रीस ५ ते ९ किग्रॅ. ठेंगण्या बांध्याच्या भारतीय स्त्रियांस हे आकडे तारतम्यानेच लावावे लागतात. स्थूल स्त्रीनेही गर्भारपणात वजन घटविण्यासाठी उपासमार करू नये.

चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा व लगतच्या कोरपना, जिवती या तालुक्यांत एकीकडे कोळसाखाणी व सिमेंट कारखान्यांभोवतीच्या वसाहती, तर दुसरीकडे माणिकगड डोंगरातील गोंड व कोलाम यांची पाडे-गुडे आहेत. अशा प्रदेशात अल्पभार व अतिभार या दोन्ही टोकांचा विचार करावा लागतो. गर्भपूर्व वजनाची नोंद खेड्यातील स्त्रीजवळ बहुधा नसते. म्हणून पहिल्या १२ आठवड्यांत नोंदणी करून घेतलेले वजन आधारभूत धरतात. नोंदणीस विलंब झाल्यास दंडाचा घेर मोजतात. गर्भारपणात तो फारसा बदलत नाही आणि २३ सेंमी.हून कमी घेर कुपोषण सुचवितो. मूल मोठे होऊन प्रसूती अवघड होईल, या समजुतीने गर्भवतीने कमी खाण्याची रीत अनेक ठिकाणी आढळते. अल्पभार स्त्रीच्या बाबतीत ती विशेष घातक होय. अनुसूचित क्षेत्रातील गर्भवती व स्तनदा मातांस अंगणवाडीतून रोज एक वेळचा चौरस आहार देणारी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये सुरू केली.

देहभारांकाने रक्तक्षय कळत नाही, तसेच पूर्व विदर्भात आढळणारा दात्रकोशिका (सिकलसेल) विकारही कळत नाही; त्यांसाठी रक्ततपासणी आवश्यक असते. हातापायांवर व चेहऱ्यावर सूज येऊन वजन एकाएकी वाढल्यास ते पोषणाचे नव्हे, तर गर्भविषबाधेचे लक्षण असू शकते व रक्तदाब त्वरित तपासावा लागतो. गर्भपूर्व अल्पभारता नऊ महिन्यांत पूर्णतः भरून काढणे कठीण असल्याने मुलीच्या किशोरवयापासूनच तिच्या आहाराकडे लक्ष देणे, हाच यावरील खरा उपाय होय.