साठवणीचा समुद्र

मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय उघडले, तेव्हा जन्मभर समुद्राकाठी राहिलेल्या पुष्कळ माणसांनी समुद्राच्या पोटातील जग प्रथमच काचेतून पाहिले. त्या मत्स्यालयाच्या दारासमोरच समुद्र होता. आज मात्र पुण्यात, इतकेच काय, थेट नागपुरातही दिवाणखान्यातील काचेच्या टाकीत समुद्रातले मासे हौसेने पाळले जातात. त्यांना समुद्र आणायचा कोठून, हा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर दुकानात, क्षारांच्या पुड्यात मिळते. पण बनविलेला समुद्र घरात ठेवायचा कसा, हा दुसरा प्रश्न. त्याकडे आम्हीही बरीच वर्षे दुर्लक्ष केले, आणि त्याची किंमत एका मुक्या जीवाने मोजली.

तो प्रसंग आधी सांगतो. आमची टाकी शंभर लिटरची. महिन्याची बेगमी म्हणून पन्नास लिटर खारे पाणी पिंपात करून ठेवले होते. मे महिन्यात पाहुण्यांच्या एका छोट्याने कौतुकाने खाद्याचा सगळा डबाच टाकीत रिकामा केला. पाणी गढूळले, मासे वर येऊन धापा टाकू लागले. आम्ही घाईघाईने चाळीस लिटर पाणी उपसले आणि पिंपातले तितकेच ओतले. मासे वाचले, पण तळाशी असलेला तारामासा दोन दिवसांत गळून गेला. पिंपाचे झाकण दोन महिने उघडे होते, हे नंतर ध्यानात आले.

आता हिशेब पाहा. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे पन्नास लिटरांत १,७५० ग्रॅम. उन्हाळ्याच्या हवेने दहा लिटर पाणी उडून गेले. पण हवा नेते ती केवळ पाणी, क्षार जागच्या जागी राहतात. उरलेल्या चाळीस लिटरांत दर लिटरला ४३ ग्रॅमांहून अधिक क्षार झाले, आणि ते टाकीत मिसळताच टाकीची लवणता ३५ वरून ३८ च्या पलीकडे गेली. मासा समुद्राचे पाणी पितो आणि जादा मीठ कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. त्याने तो बदल सोसला. तारामाशाला ती सोय नाही. त्याच्या अंगातील रस आणि बाहेरचा समुद्र यांची लवणता एकच असते. बाहेरचा समुद्र एकाएकी बदलला, की तो बदल थेट त्याच्या अंगात उतरतो.

कोणी म्हणेल, मग स्वयंपाकघरातले मीठ घालून ताजे पाणी का करू नये? आमच्या कोकणातील मिठागरांकडे पाहिले म्हणजे याचे उत्तर मिळते. खाडीचे पाणी उन्हात आटू लागले की प्रथम चुना खाली बसतो, मग जिप्सम, आणि पाणी दहाव्या हिश्श्यावर आले की मीठ धरू लागते. मॅग्नेशियमचे क्षार उरलेल्या कडवट पाण्यात राहतात. मीठ हा समुद्राचा एक भाग आहे, समुद्र नव्हे. १८७२ ते १८७६ या काळात ‘चॅलेंजर’ जहाजाने जगभरच्या समुद्रांतून पाण्याचे नमुने आणले. त्यांतील ७७ नमुन्यांचे विल्यम डिट्मार या रसायनज्ञाने पृथक्करण केले, आणि १८८४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. खारटपणा ठिकठिकाणी कमीअधिक असला, तरी मुख्य क्षारांचे परस्परप्रमाण सर्वत्र जवळजवळ एकच आहे, असे त्यातून सिद्ध झाले. दुकानातील मिश्रण हेच प्रमाण राखण्याचा प्रयत्न करते.

ते कालवताना एक नियम पाळावा : पाण्यात क्षार घालावे, क्षारांवर पाणी ओतू नये. थोड्या पाण्यात सगळे क्षार एकवटले, तर कॅल्शियम आणि कार्बोनेट यांची गाठ पडून चुना तयार होतो, आणि तो पुन्हा सहज विरघळत नाही. पाणी शक्यतो क्षारविरहित घ्यावे. नळाच्या पाण्यात क्लोरिन असतो. आणि घरच्या पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रांपैकी काहींत चवीसाठी थोडे क्षार पुन्हा मिसळलेले असतात, हेही लक्षात ठेवावे.

आता साठवण. १८७१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मोठे मत्स्यालय निघाले. त्याची योजना करणाऱ्या विल्यम आल्फर्ड लॉइडने प्रदर्शनातील टाक्यांच्या खाली, अंधारात, त्या टाक्यांच्या कितीतरी पट पाण्याचा हौद बांधला. अंधारात शेवाळ धरत नाही, आणि मोठ्या साठ्यात लहानसहान दोष विरून जातात. आपल्या घरच्या पिंपालाही हीच रीत लागू आहे. पिंप खाद्यपदार्थांसाठी चालणाऱ्या प्लास्टिकचे असावे, उजेडापासून दूर असावे आणि त्याचे झाकण घट्ट असावे. धातूचे भांडे नको, तांब्याचे तर नकोच. पिण्याच्या पाण्याला आपण तांब्याचा हंडा पवित्र मानतो, पण तांब्याचा किंचित अंशही कोळंबीसारख्या जीवांना विषासमान आहे.

असे झाकलेले पाणी, त्यात अन्न वा जीव नसल्यामुळे, कित्येक आठवडे चांगले राहते. मात्र ते अगदी निश्चल असते असे समजू नये. पिंपाच्या आतून पांढरा थर धरू लागला, तर पाण्यातला चुना भिंतीवर बसत आहे, म्हणजेच पाणी दुबळे होत आहे, असे जाणावे. सतत तापविल्याने हे लवकर घडते. म्हणून पाणी वापरण्यापूर्वी एक दिवस तेवढे तापवावे. काही मिश्रणांवर लवकर वापरण्याची सूचना छापलेली असते, ती पाळावी. आदल्या रात्री लहान पंपाने पाणी खेळते करावे, मग मापकाने लवणता पाहावी. २५ अंश सेल्सिअसला विशिष्ट गुरुत्व १.०२६ च्या आसपास असावे. अधिक भरले तर क्षारविरहित पाणी घालून ते खाली आणावे आणि पुन्हा मोजावे. टाकीचे आणि पिंपाचे तपमानही जुळवावे.

तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे आपण सारेच जाणतो. आमच्या घरी विहीर आधीच खणलेली होती. तिचे पाणी कसे आहे, एवढेच आम्ही पाहिले नव्हते. अफाट समुद्र आपला हिशेब आपणच राखतो. शंभर लिटरचा समुद्र घरात आणला, की तो हिशेब आपल्याकडे येतो. आता आमच्या पिंपावर आतील पाण्याच्या पातळीची खूण आहे, आणि पाणी भरल्याची तारीख लिहिलेली असते. मापक झाकणालाच बांधून ठेवला आहे. घाई कितीही असो, तो आधी हातात घ्यावा लागतो, मगच झाकण निघते.